जिताड्यांच्या तळ्यावरचा पार्सर

मित्रांनो, मी एक जुना पार्सर आहे. नाव ऐकून पान उलटू नका, मी काही औषध नाही. कॉम्प्युटरला आपण जे लिहून देतो ते सगळ्यात आधी वाचणारा जो कोणी आत बसलेला असतो ना, तो मी. मला रंग नाही, वजन नाही, मला हातात धरता येत नाही. बुटांच्या खोक्याएवढ्या एका पत्र्याच्या डब्यात मी राहतो आणि तो डबा करावे गावाच्या मागे, खाडीच्या बांधाला लागून असलेल्या एका तळ्यावर, खांबाला तारेने बांधलेला आहे. समोर पाणी, मागे खारफुटी, आणि लांबवर उंच इमारती. जागा झकास आहे. फक्त मला डोळे नाहीत, त्यामुळे ही सगळी ऐकीव माहिती.

माझा जन्म शिरवण्याच्या पलीकडच्या औद्योगिक पट्ट्यात, एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे पाण्याचे पंप आपोआप चालू-बंद करणारे डबे बनायचे. नंदकुमार साहेब तिथले इंजिनियर. कामगारांना स्वतःच्या भाषेत डब्याला हुकूम देता यावेत म्हणून त्यांनी एक छोटीशी मराठी भाषा बनवली, आणि ती वाचायला मला बनवलं. रोज जेवणाच्या सुट्टीत एका हाताने पोळीभाजी आणि दुसऱ्या हाताने मी, असं त्यांचं आठ महिने चाललं होतं. माझ्या अंगात अजून कुठेतरी मेथीचा वास असेल.

सुरुवातीला माझ्या भाषेत खूप कंस होते. कुठला हुकूम कुणाच्या पोटात आहे हे कंसावरून कळायचं. पण मारोती नावाचे एक ऑपरेटर होते, परभणीकडचे. ते एक दिवस वैतागून म्हणाले, "सायब, ह्ये कंस कुठं उघडलं अन् कुठं झाकलं, मला काई उमगना. आमच्या घरी बापाच्या मागं पोरगं उभं ऱ्हातं, तसं लिवता येईना का?"

साहेबांनी पोळीचा घास तसाच ठेवला आणि त्याच दिवशी सगळे कंस काढून टाकले. त्याऐवजी कीबोर्डवर दोन बटणं आली, एक 'आत' आणि एक 'बाहेर'. जी ओळ वरच्या ओळीपेक्षा आत सरकलेली, ती वरच्या ओळीच्या हुकमात. जी समासाला चिकटलेली, ती स्वतंत्र.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. तर ऐका. आई कामाला जाताना चिठ्ठी लिहून ठेवते:

लाईट गेली तर
    मेणबत्ती लाव
गॅस बंद कर

आता यातली शेवटची ओळ जरा आत सरकवून 'मेणबत्ती'च्या खाली आणा. शब्द तेच, अक्षर तेच, आईही तीच. पण आता गॅस बंद करायचा तो फक्त लाईट गेली तर. लाईट नाही गेली तर गॅस दिवसभर चालू. म्हणजे नुसते शब्द वाचून माझं भागत नाही. कोण कुणाच्या खाली उभा आहे, हे मला प्रत्येक ओळीला लक्षात ठेवावं लागतं. त्यासाठी माझ्याकडे डब्यांची एक चळत आहे. 'तर' आला की मी चळतीवर एक डबा चढवतो, ओळ बाहेर आली की एक उतरवतो. हे काम मी डोळे मिटून करतो. डोळे नाहीतच, पण करतो.

वाचून झालं की मी ते चालव्याच्या हातात देतो. चालव्या म्हणजे डब्यातला माझा शेजारी. हुकूम पाळणं हे त्याचं काम. तो विचार करत नाही आणि बोलतही नाही. बोलतो मी, आणि माझ्याकडेही दोनच गोष्टी आहेत बोलायला. सगळं नीट वाचता आलं तर हिरवा दिवा. नाही आलं तर लाल दिवा आणि ओळीचा नंबर. बस्स.

त्या नंबरवरूनही मारोतींनी मला खूप शिव्या घातल्या. चूक असायची तिसऱ्या ओळीत आणि मी सांगायचो अकरावी. कारण तिसऱ्या ओळीपर्यंत मला संशय यायचंच कारण नसायचं, अकराव्या ओळीला येऊन सगळं फिसकटायचं. नंदकुमार साहेब हसून म्हणायचे, "अहो, हा चूक झाली तिथे ओरडत नाही, लक्षात आली तिथे ओरडतो. थोडं वर जाऊन शोधा." आणि खरंच वर सापडायची. मग मारोती डब्यावर थाप मारून म्हणायचे, "खरं बोलतंय बेणं." माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

नऊ वर्षं मी तिथे काम केलं. मग मोबाईलवरून चालणारे गुळगुळीत डबे आले आणि आम्हाला माळ्यावर टाकलं. किती दिवस तिथे होतो ते मला सांगता येणार नाही, कारण वीज नसली की माझ्यासाठी दिवसच नसतो. पुन्हा वीज आली तेव्हा कानावर पडला तो एका मुलीचा आवाज. "सर, हा चालतो? खरंच चालतो? मग मी घेऊ?"

ती मनस्वी. नववीतली. निवृत्तीनंतर नंदकुमार साहेब तिच्या शाळेत शनिवारी कॉम्प्युटर शिकवायला जायचे. त्यांनी मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "जुना आहे, पण इमानदार आहे. फक्त एक लक्षात ठेव बाळा, तो वाचतो, समजून घेत नाही."

मनस्वी "हो सर, हो सर" म्हणाली. ती त्या वेळी दप्तरात मला कोंबत होती.

मनस्वीच्या आजोबांचं, पंढरीबुवांचं, हे तळं. बुवा गावच्या भजनी मंडळाचे. मिठागरं गेली, शेती गेली, जमिनीवर इमारती आल्या, मुलगा कुंदन नोकरीला लागला. पण बुवांनी हे तळं सोडलं नाही. त्यात ते जिताडे वाढवत होते. जिताडा हा मासा म्हणजे आगऱ्यांच्या पंगतीतला राजा. साठ जिताडे, तीन वर्षांचे. बुवांची धाकटी लेक सोनल हिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं, आणि हळदीच्या जेवणाला मासा आपल्या तळ्यातलाच, असा शब्द बुवांनी व्याह्यांना दिला होता. त्या साठ माशांवर त्यांचा जीव होता. दिवसातून चार वेळा तळ्यावर खेपा. गुडघे दुखायचे, तरी खेपा.

"आबा, तुम्ही घरी बसा, हा डबा बघेल," असं म्हणून मनस्वीने मला खांबाला बांधलं. तळ्याला खाडीचं पाणी आत घ्यायला एक उघाडी आहे, म्हणजे बांधातली वाट, आणि तिला वर-खाली होणारी फळी. शिवाय पाण्यात हवा घोळवणारा एक पंखा. मनस्वीने दोन्ही मला जोडले आणि लिहिलं:

पाणी भरलं तर
    फळी टाक
पाणी उतरलं तर
    फळी उचल
पंखा फिरव

पाच ओळी. शेवटची ओळ बाहेर, म्हणजे पंखा कायम फिरणार, पाणी भरलेलं असो की उतरलेलं. मी वाचलं, हिरवा दिवा लावला, पंखा घरघरायला लागला. मनस्वी बांधावर नाचली, असं म्हणतात.

"ह्या मना वहीन पायजे," बुवा म्हणाले. "डब्यानचा काय खरा नय. वहीनचा पुसत नय."

त्यांनी भजनाची वही आणली आणि मागच्या पानावर त्या पाच ओळी उतरवून घेतल्या. मनस्वी अक्षर बघून म्हणाली, "आबा, किती भारी लिहिता तुम्ही." बुवा खूश झाले. अक्षर खरंच भारी असणार. तिने फक्त अक्षरच बघितलं.

मेपासून ऑक्टोबरपर्यंत मी त्या तळ्यावर काम केलं. बुवांच्या खेपा चारावरून दोनावर, मग एकावर आल्या. गोजरा आजी, म्हणजे बुवांची बायको, माशांना चारा टाकायला संध्याकाळी यायची आणि जाता जाता मला सांगून जायची, "बग रं बाबा नीट." मला फार बरं वाटायचं. वाटायचं, आपण कोणीतरी आहोत.

मग तो गुरुवार आला. दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद होती. अशा वेळी डब्यातला चपटा सेल माझी आठवण सांभाळतो. पण तो सेल माझ्याएवढाच म्हातारा. तो गेला. दुपारी वीज आली तेव्हा माझ्याकडे एकही ओळ शिल्लक नव्हती. मनस्वी खारघरला चार दिवसांच्या विज्ञान शिबिराला गेलेली. बुवांनी तिला फोन लावला.

"बाय, डबा गपगार झालाय. काय करू?"

"काही टेन्शन नाही आबा. वहीतून बघून टाका. जशी ओळ आहे तशी. आत असेल तर 'आत' बटण, बाहेर असेल तर 'बाहेर'."

"बरा."

बुवांनी एका बोटाने, एकेक अक्षर करत, वहीतून टाकलं. मला अजून त्या बोटाचा ठेका आठवतो. कुठे घाई नाही, कुठे चूक नाही. आणि ते जे आलं ते असं आलं:

पाणी भरलं तर
    फळी टाक
पाणी उतरलं तर
    फळी उचल
    पंखा फिरव

मित्रांनो, बुवा चाळीस वर्षं भजनं उतरवून घेतात. कडव्याची पहिली ओळ समासाला, बाकीच्या सगळ्या आत, हे त्यांच्या हाताला लागलेलं वळण. त्यांना मनस्वीच्या लिखाणात दोन कडवी दिसली. दोन्हींच्या पहिल्या ओळी त्यांनी बाहेर ठेवल्या, बाकीच्या आत घेतल्या. इतकं सरळ, इतकं सुबक. मीही वाचलं. 'तर' आला, डबा चढवला. फळी त्याच्या हुकमात. पंखा त्याच्या हुकमात. कुठे काही अडलं नाही. आता पंखा फिरायचा तो फक्त पाणी उतरलं तर. पण असा पंखा जगात कुठे असूच शकत नाही, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? जुन्या ओळी तर पुसल्या गेल्या होत्या. मी हिरवा दिवा लावला.

"लागला हिरवा?" फोनवरून मनस्वीने विचारलं.

"लागला."

"मग झालं, आबा. मस्त. तुम्ही तर प्रोग्रॅमर झालात." तिच्यामागे मुलींचा गलका चालला होता. फोन बंद झाला.

त्याच्या आदल्याच दिवशी अमावास्या होती. उधाणाच्या भरतीने तळं काठोकाठ भरलं होतं आणि चालव्याने फळी टाकली होती. फळी पडली की ओहोटीलाही तळ्यातलं पाणी बाहेर जात नाही. पाणी उतरायला कारण नाही. पाणी उतरत नाही, म्हणून पंखा फिरत नाही. चालव्या हुकमाचा ताबेदार, तो शांत बसून राहिला. ऑक्टोबरचा उकाडा, वारा पडलेला. मला पंख्याची घरघर ऐकायची इतकी सवय होती की ती नाही म्हटल्यावर मला आपण रिकाम्या घरात बसल्यासारखं झालं.

शुक्रवारी संध्याकाळी गोजरा आजी आली. चाऱ्याची पाटी ठेवली आणि थांबली. "अवो, पंखा नय वाजत?"

मागून बुवा आले होते. "पानी भरलाय ना, म्हनून थांबला आसंल. हिरवा दिवा हाय बग. पोरीनी सांगितलाय, हिरवा म्हंजे सगला बरोबर."

"पन आदी तं कवाच नय थांबायचा."

"तुला जास्ती कलतंय का शिकल्याल्या डब्याला?"

"मना काय कलतंय," आजी म्हणाली आणि चारा टाकून निघून गेली.

मित्रांनो, त्या वेळी मी काय करू शकत होतो सांगा. मला बोलता येतं ते फक्त कोणी मला वाचायला दिलं तर. एखादी ओळ, एखादं अक्षर, चुकून दाबलेलं एखादं बटण. काहीही. कोणी बटणाला हात लावला नाही. सगळे दिव्याकडे बघत होते. आणि दिवा लावलेला मीच.

शनिवारी सकाळी बुवा एकटे आले. बांधावर बसले. पाण्यात हात घातल्याचा आवाज आला. बराच वेळ त्यांनी हात तसाच ठेवला. चाळीस वर्षं खाडीच्या पाण्यात घातलेला हात तो. मग ते हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पानी जड लागतंय."

मला इतकी आशा वाटली. उठा बुवा, मनात म्हटलं, उठा आणि पंख्याची तार सरळ विजेला जोडा. त्या हाताचं ऐका, माझं नको.

ते उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग म्हणाले, "हिरवा हाय," आणि घरी गेले.

रविवारी पहाट सरल्यावर आजीची हाक आली ती मी विसरू शकत नाही. "अवो, मासा पालथा झालाय. अवो, लय झालंत." कुंदन धावत आला, त्याने पंख्याची तार उपटून सरळ विजेला जोडली. घरघर सुरू झाली. उरलेले जिताडे तोंडं वर काढून धापा टाकत होते, ते पंख्याच्या बाजूला गोळा झाले. सतरा गेले. आजीने एकेक मोजून पाटीत ठेवला. तीन वर्षं तिने हाताने चारा घातलेला.

दुपारी मनस्वी शिबिरावरून तशीच आली, गळ्यात शिबिराचं कार्ड.

"काय गो, तुझा डबा," कुंदन म्हणाला. "सांगितलं होतं तुला, तलं म्हणजे मोबाईल गेम नाय. सोनलच्या सासरच्यांना आता काय खायला घालायचं, तुझा प्रोजेक्ट?"

"पप्पा, प्रोग्रॅम बरोबर होता. पाच महिने चालला."

"मग हे सतरा जण हौस म्हणून मेले काय?"

"माजाच काय चुकला आसंल, तिला नको बोलू," बुवा म्हणाले.

"तुमचं काय चुकणार बाबा? तुम्ही तिने सांगितलं तसं केलंत. हा डबा उद्या भंगारात जाणार."

मनस्वी माझ्याजवळ आली आणि लिहिलेलं दाखवायचं बटण दाबलं. पाच ओळी डब्याच्या छोट्या पडद्यावर आल्या. तिने त्या वरून खालपर्यंत वाचल्या. मग अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, "आबा, ही शेवटची ओळ आत कोणी घेतली?"

"आत म्हंजे? कडव्याची ओल आतच लिवतान."

तिने पडद्यावर बोट ठेवून त्यांना समजावलं. आत असली तर काय, बाहेर असली तर काय. तिने एकदाच सांगितलं, पण बुवांना एकदाच पुरलं. ते बांधावर बसले.

"म्हंजे माज्या वलनाचा हाय ह्यो," ते म्हणाले. "सतरा."

"तुमचा नाही आबा. मी फोनवर काय विचारलं? हिरवा लागला का. काय टाकलंत ते वाचून दाखवा, एवढं पण नाही विचारलं. सर म्हणाले होते मला, हा फक्त वाचतो. मी ऐकलंच नाही."

कुंदन माझ्याकडे वळला, कारण वळायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. "पण हा? एवढं उलटंपालटं झालं, तर हा काहीच कसा नाय बोलला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला उत्तर येत होतं. मला सांगायचं होतं, अहो, माझ्या लेखी ते उलटंपालटं नव्हतंच. ओळी सरळ होत्या, चळत नीट चढली, नीट उतरली. मासे काय, श्वास काय, सोनलची हळद काय, यातलं त्या ओळी वाचताना माझ्यापर्यंत काही आलंच नाही. माझ्यापर्यंत फक्त कोण कुणाच्या खाली उभा आहे एवढंच येतं. पण हे सांगायला माझ्याकडे लाल आणि हिरवा असे दोनच रंग आहेत, आणि त्या क्षणी हिरवा लागलेला होता. मी हिरवा राहिलो. याहून लाजिरवाणं काय असतं मला माहीत नाही.

मनस्वीने 'बाहेर' बटण दाबलं. शेवटची ओळ समासाला आली. मी वाचलं. बरोबर होतं. तीन दिवसांपूर्वीही बरोबरच होतं.

"लागला हिरवा," मनस्वी म्हणाली आणि पंख्याची तार पुन्हा मला जोडली.

"दिव्याचा नंतर सांग," बुवा म्हणाले. "आदी सांग, तू काय लिवलंस त्यात. मना कलंल असा सांग."

मग तिने एकेक ओळ मोठ्याने वाचली, आणि प्रत्येक ओळीला बुवा विचारत गेले, "म्हंजे आत्ता काय होनार?" ती सांगायची, आणि ते बघायचे. फळी खाली आहे का, तर आजीने वाकून बघून सांगितलं, हाय. पंखा फिरतोय का, तर कुंदनने पाण्यात हात घालून सांगितलं, फिरतोय. शेवटी बुवांनी स्वतः हात घातला आणि बराच वेळ ठेवला.

मित्रांनो, मला भंगारात टाकलं नाही. नवा सेल बसवला. त्रेचाळीस जिताडे अजून आहेत, हळदीला पुरतील की नाही यावरून आजीचं आणि कुंदनचं रोज वाजतं. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या तुम्हीही माझ्यासारख्या कोणाला तरी काही लिहून द्याल. आम्ही ते वाचू, आणि वाचता आलं की हिरवा दिवा लावू, कारण आम्हाला तेवढंच येतं. तो दिवा बघून घरी जाऊ नका. काय लिहिलंत ते एकदा आपल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, आणि ज्याच्यासाठी लिहिलंत त्याच्याकडे जाऊन बघून या. आमची काळजी घ्याल तेव्हा सेल बदला, धूळ पुसा, ते सगळं ठीक. पण आमच्यावर इतका भरवसा ठेवू नका की तुमच्या हाताला लागलेलं पाणी तुम्हाला खोटं वाटेल.

त्या रविवारी ते चौघं बराच वेळ बांधावर पाण्याकडे तोंड करून उभे होते. खांबावर माझा दिवा लागलेला होता आणि त्याच्याकडे कोणीही बघत नव्हतं. मला बरं वाटलं.